मन्मथ पुलावरून पळाला

अहमदपूरला मन्मथ खानापुरे नावाचा एक ड्रायव्हर आहे. पन्नाशी ओलांडलेला, आडव्या बांध्याचा, कपाळावर भस्माचे पट्टे. आवाज असा, की बसस्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर तो बोलू लागला की रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्यालाही सगळं ऐकू जाई. हल्ली तो तसा बोलत नाही. का बोलत नाही, त्याचीच ही हकीकत.

जवळजवळ जन्मभर त्यानं एकच काम केलं. खदानीतली काळी खडी टिपरमध्ये भरायची आणि जिथं रस्ता, तलाव, इमारत चालू असेल तिथं नेऊन ओतायची. "लातूर-नांदेडच्या निम्म्या रस्त्यांच्या पोटात आपली खडी हाय," असं तो सांगे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. पण त्याचं नाव होतं ते हिमतीसाठी. एका पावसाळ्यात खदानीची कड ढासळायला लागली होती. कडेवर दोन टिपर उभे होते. पुढच्या टिपरचा ड्रायव्हर शेषेराव यानं दार उघडून उडी टाकली आणि त्याची गाडी खाली गेली. मागच्या टिपरमध्ये मन्मथ होता. चाकाखालची माती सरकत असताना त्यानं गाडी रिव्हर्स घेतली आणि कडेवरून काढून आणली.

त्या दिवसापासून टपरीवर एक वाक्य कायमचं झालं. "गाडी सोडून उडी मारतो तो ड्रायव्हर कसला?" मन्मथ ते शेषेराव समोर असतानाही म्हणायचा. शेषेरावाला त्यानं 'उडी शेषेराव' असं नावच पाडलं होतं. शेषेरावानं पुढं ड्रायव्हरकी सोडली आणि पंक्चरचं दुकान टाकलं. दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण लोक पत्ता सांगताना मन्मथनं पाडलेलंच नाव सांगत.

दुसरा माणूस भीमा. देगलूरकडचा, किडकिडीत, कमी बोलणारा, मधूनच एखादा तेलुगू शब्द घालणारा. आधी तो मन्मथच्या गाडीवर क्लिनर होता. मन्मथनंच त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, लायसन काढायला लावलं, मालकाकडं शब्द टाकून त्याच्या हाती टिपर दिला. भीमा त्याला 'उस्ताद' म्हणायचा. चारचौघांत, घरी, फोनवर, सगळीकडं उस्ताद. मन्मथला मुलगा नव्हता. भीमा जेवायला आला की बायको शिवकन्या न विचारता एक भाकरी जास्त थापायची.

अहमदपूरहून नांदेडच्या बाजूला जाताना सावरगावचा पूल लागतो. जुना आहे. खालून बघितलं तर तुळयांचं सिमेंट जागोजाग सुटलेलं आणि आतल्या सळया गंजून फुगलेल्या. त्यावरून रोज उसाच्या गाड्या, एसट्या, खडीचे टिपर जात. पाडून नवा बांधायचा तर दोन-तीन वर्षं रस्ता बंद. म्हणून नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली संशोधक मंडळी तिथं आली. त्यांच्या प्रमुख धम्मप्रिया मॅडम. मूळच्या हिमायतनगरच्या, वडील लिंबाजी तिथं पोस्टमन होते. मॅडमचं सगळं संशोधन म्हाताऱ्या पुलांवर. त्यांना बळकटी कशाची द्यायची आणि त्यांची तब्येत रोजच्या रोज कशी कळत राहील, एवढ्यासाठीच त्यांनी वर्षं घातली होती.

मंडळींनी पुलाच्या एका गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, हादरे टिपणाऱ्या डब्या बसवल्या, वायरी ओढून काठावरच्या तंबूतल्या संगणकाला जोडल्या. आता पुलावर ठरलेलं वजन ठेवायचं, तो किती वाकतो आणि वजन काढल्यावर किती परत येतो ते बघायचं होतं. नंतर पूल बळकट करायचा आणि तेच वजन पुन्हा ठेवून बघायचं. वजनासाठी खडीनं भरलेले टिपर हवे होते. मालकानं मन्मथ आणि भीमाला पाठवलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी मॅडमनी दोघांना तंबूत चहा दिला. टेबलावर तपकिरी, चकाकणाऱ्या कापडाची एक गुंडाळी होती. मन्मथनं बोटांनी चाचपून बघितली.

"हे काय हाय मॅडम? पडद्याचं कापड?"

"दगड आहे अप्पा."

"दगड?"

"तुमच्या टिपरमध्ये भरलाय तोच. आपला काळा दगड. तो भट्टीत वितळवतात, त्याचा केसासारखा धागा ओढतात आणि विणतात. हे चिकट रसायनात भिजवून तुळईला गुंडाळायचं. वाळलं की तुळई घट्ट बांधल्यासारखी होते. आणि दगडच तो, गंजत नाही."

मन्मथ मोठ्यानं हसला. "ऐकलंस का भीमा? आपण उगंच खडी समजत होतो. इतकी वर्षं आपण कापड वाहत आलो!"

भीमाही हसला. मॅडमनी मग उद्याचं काम समजावलं. रंगानं आखलेल्या चौकोनात गाडी उभी करायची, इंजिन बंद, हँडब्रेक वर. वजन टप्प्याटप्प्यानं पुढं सरकवायचं असल्यानं ड्रायव्हरांनी केबिनमध्येच थांबायचं.

"पडणार तर न्हाई ना पूल?" भीमानं विचारलं.

"नाही. याच्या दीडपट वजनाचे उसाचे ट्रॉले रोज जातात यावरून."

"आन् पडला तर मी हाय की," मन्मथ म्हणाला. "मी बसलेलो असताना तुला कसली भीती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून वाहतूक वळवली होती. एवढ्या मोठ्या पुलाची परीक्षा बघायला सावरगावचे लोक काठावर जमले होते. मन्मथनं इस्त्रीचा सदरा घातला होता. गाडीवर चढण्याआधी त्यानं लोकांकडं बघून हात जोडले. कुणीतरी शिट्टी मारली. त्याचा टिपर पुढं गेला, भीमाचा त्याच्या मागं येऊन उभा राहिला. इंजिनं बंद झाली. काठावर बडबड चालू होती, पण पुलावर एकदम शांत झालं.

पहिला टप्पा पार पडला. दुसऱ्यासाठी दोघांनी गाड्या पुढं घेतल्या, गाळ्याच्या बरोबर मधोमध. पुन्हा थांबणं. ऊन समोरून येत होतं. थोडा वेळ गेला, आणि मग फाट्‌कन आवाज झाला. आवाजापाठोपाठ सीटमधून एक हिसका वर आला, तो मन्मथच्या मणक्यात गेला.

त्यानंतर काय झालं ते मन्मथला नीट सांगता येत नाही. दार त्यानं कधी उघडलं, उडी कधी टाकली, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तो पळत होता आणि मधे भीमाचा टिपर होता. भीमानं ऊन लागू नये म्हणून तोंडावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकली होती आणि डोकं मागं टेकलं होतं. त्याचं कोपर खिडकीबाहेर आलेलं होतं. कठडा आणि टिपर यांच्यामधल्या अरुंद जागेतून जाताना ते कोपर आडवं आलं. मन्मथनं अंग चोरलं, कोपर चुकवलं आणि तसाच पुढं पळाला. त्यानं हाक मारली नाही. दारावर थाप मारली नाही. एक चप्पल मागं पडली ती पडलीच. दोरीखालून वाकून तो काठावर आला आणि लोकांच्या पायाशी मातीत बसला.

पूल जागेवर होता.

धम्मप्रिया मॅडम तंबूतून धावत बाहेर आल्या. "काही नाही, काही नाही! बेअरिंग सुटलं!" त्या ओरडून सांगत होत्या. पूल खांबावर जिथं टेकतो तिथं लोखंडी बेअरिंग असतं. उन्हानं पूल लांबतो, गारव्यानं आखडतो, ते सगळं त्या बेअरिंगवर सरकून. सावरगावचं बेअरिंग गंजून कित्येक वर्षं जाम झालं होतं, ते वजनानं मोकळं झालं. पुलाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं होतं.

हे कळल्यावर काठावर हशा उसळला. भ्यालेली माणसं सुटल्यासारखी हसतात तसे लोक हसले. मन्मथला कुणीतरी पाणी दिलं. त्यानं पुलाकडं बघितलं. भीमा केबिनमधून सावकाश उतरला होता. त्यानं दस्ती खिशात घातली, मन्मथची चप्पल उचलून कठड्यावर ठेवली आणि मॅडमना विचारलं, "पुढची गाडी कुणी घ्यायची?"

मन्मथला उठता आलं नाही. उरलेली सगळी चाचणी भीमानं एकट्यानं पार पाडली. एक गाडी सरकवायची, उतरायचं, दुसरीत चढायचं, ती सरकवायची. प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवत होते.

सावरगावच्या पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो अहमदपुरात पोचला आणि दुसऱ्या दिवशी देगलूर, उदगीर, नांदेड. इस्त्रीचा सदरा घातलेला भारदस्त माणूस हात उडवत पळतोय, चप्पल हवेत जातेय, आणि त्याला कुणीतरी ढोलकी जोडलेली. मन्मथच्या मेहुणीनं तो कोण आहे हे न ओळखता शिवकन्येलाच पाठवला. खाली हसणारी तोंडं होती.

टपरीवर पहिल्या दिवशी तो गेला. जायलाच हवं, नाहीतर लोक म्हणतील भ्याला, असं त्याला वाटलं. "या उस्ताद, बसा. पण बाकडं जुनं हाय, आवाज आला तर पळू नका," एक जण म्हणाला. मन्मथ हसला. सगळ्यांबरोबर हसलं की संपतं, हे त्याला माहीत होतं; इतरांना हसताना त्यानं तेच बघितलं होतं. पण त्याचं लक्ष टपरीच्या तोंडाशी उभ्या शेषेरावाकडं गेलं. तो हसत नव्हता. चहाचा कप घेऊन तो मन्मथजवळ आला, शेजारी बसला आणि हलकेच म्हणाला, "चार महिने लागतात अप्पा. मग लोकांना दुसरं कायतरी गावतं."

मन्मथचा कप हातातच राहिला. शेषेरावानं चार महिने नाही, किती तरी वर्षं ते काढलं होतं, आणि ते लोकांनी नव्हे, मन्मथनंच चालू ठेवलं होतं. तो उठला आणि नंतर कितीतरी दिवस टपरीवर फिरकला नाही.

ड्रायव्हरकी त्यानं सोडली. गुडघे दुखतात असं मालकाला सांगितलं. भावाच्या शेतावर जाऊन बसू लागला. अहमदपूरला काही काम निघालं तर शिवकन्येलाच पाठवायचा. ती एकदा वैतागून म्हणाली, "आवो, सगळे भ्याले असते तिथं. आवाज झाला, माणूस पळाला. त्यात एवढं काय हाय? कुणाचा खून केलाव का?"

तो आवाजाला भ्याला याची लाज त्याला होतीच, पण ती लाज लोकांची होती, लोकांबरोबर वाटून घेता येण्यासारखी. दुसरी एक होती ती कुणालाच ठाऊक नव्हती. व्हिडिओ लांबून काढलेला. त्यात टिपरच्या आडोशाला तो क्षणभर दिसेनासा होतो आणि पुन्हा बाहेर येतो. तेवढ्यात काय झालं ते कुणी विचारलं नाही, कारण चप्पल पुढं उडते आणि सगळे तीच बघतात. मन्मथच्या डोळ्यापुढं मात्र दुसरं काहीच येत नसे. भाकरीचा घास घेताना, बैलाला पाणी दाखवताना, तो आडवा आलेला हात दिसे आणि त्याला चुकवणारं आपलं अंग.

भीमा तेव्हापासून दोनदा घरी आला होता. शिवकन्येनं त्याला जेवू घातलं. तो नेहमीसारखाच वागला. फक्त निघताना म्हणाला, "येतो, अप्पा." उस्ताद म्हणाला नाही. शिवकन्येच्या ते लक्षातही आलं नाही.

पावसाळा सरला आणि एका दुपारी धम्मप्रिया मॅडम जीप घेऊन शेतावर आल्या. मन्मथ आखाड्यावर, शेतातल्या छपराखाली, सोयाबीनची पोती रचत होता. त्यांना बघून तो इतका गोंधळला की बसा म्हणायचंही विसरला. मॅडम स्वतःच बाजेवर बसल्या.

"पुलाला कापड गुंडाळून झालं अप्पा. नवीन बेअरिंगही बसलं. आता पुन्हा तीच चाचणी करायची."

"मी गाडी सोडली मॅडम."

"ते कळलं. मी त्यासाठी नाही आले." मग त्या म्हणाल्या, "मला तुमची माफी मागायची होती."

मन्मथ त्यांच्याकडं बघतच राहिला.

"बेअरिंग जाम आहे हे आम्हाला माहीत होतं. वजन ठेवल्यावर ते मोठ्या आवाजानं सुटू शकतं, हेही माहीत होतं. आमच्या टीममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हा दोघांना नाही सांगितलं. मला वाटलं, सांगितलं तर ड्रायव्हर घाबरतील, गाडी घालणारच नाहीत. तुमचा व्हिडिओ फिरला तेव्हा..." त्या थांबल्या. "कॉलेजात सगळे हसले. मीही हसले. नंतर घरी बाबांना दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, त्या माणसाला तू आधी सांगितलं होतंस का? आणि मला उत्तर देता येईना. माझी चूक होती अप्पा. तुमची नव्हती."

इतके महिने मन्मथला हेच हवं होतं. कुणीतरी शहाण्या माणसानं येऊन म्हणावं की तुझी चूक नव्हती. आता ती समोर बसून म्हणत होती, आणि तरी त्याला हलकं वाटेना.

"मॅडम, आवाजाचं न्हाई वो ते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाजाचं तुमी सांगितलं असतं तर कदाचित पळालो नसतो. ते खरं. पण पळालो ते पळालो. मागं भीमा होता. तोंडावर दस्ती होती त्याच्या. मी त्याच्या दारावरून गेलो. थाप सुदीक मारली न्हाई. हात आडवा होता तर चुकवून गेलो. पूल पडायलाय असं समजून पळालो मी, आन् त्याला तिथंच ठिवलं. त्याचं तुमी काय करणार?"

मॅडमनी समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी विचारलं, "भीमाला माहीत आहे?"

"झोपला व्हता तो."

"त्यांना विचारलंत?"

त्यानं विचारलं नव्हतं. विचारायला त्याला आणखी आठवडा लागला. भीमा खदानीत टिपर भरून घ्यायला थांबला होता. खडी फोडायचा क्रशर बंद होता, त्यामुळं बोलता येत होतं. मन्मथ एसटीनं येऊन पुढं चालत आला होता; त्याला तिथं बघून भीमाला नवल वाटलं. दोघं टिपरच्या सावलीत बसले.

"भीमा, त्या दिवशी तू झोपला व्हतास का रं?"

भीमानं एक खडा उचलला, दुसऱ्या हातात घेतला. "कामून?"

"सांग."

"न्हाई," भीमा म्हणाला. "दस्ती पातळ असती. त्याच्यातून दिसतं सगळं."

मन्मथला वाटलं होतं की आपण सांगू, तो चिडेल, शिव्या देईल. हे त्याला अपेक्षित नव्हतं.

"आवाज झाला आन् तुझं दार उघडलेलं दिसलं," भीमा सांगू लागला. "तू माझ्याकडं पळत यायलास असं दिसलं. मला वाटलं, मला न्यायला यायलास. म्हणून मी हात बाहीर तसाच ठिवला. म्हणलं, वढील हाताला धरून."

खदानीत खाली कुणीतरी दगड फोडत होतं. मन्मथची मान वर होईना.

"मग तू का पळाला न्हाईस? नंतर तरी?"

"पाय हलंनात. लोकं म्हणत्यात भीमा जागचा हलला न्हाई, वाघ हाय. सत्कार केला माझा सावरगावच्या लोकांनी, नारळ दिला. मला हलताच आलं न्हाई, अप्पा. कमरेखालचं आंग गेल्यावानी झालं. पुढची गाडी काढली ती बी काठावर यायची लाज वाटली म्हणून. आल्यावर तुझ्याकडं बघावं लागलं असतं." भीमानं खडा फेकून दिला. "मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगणार बी न्हाई."

"मला माफ कर म्हणायला आलतो."

"कळलं मला." भीमा उठला, पँट झटकली. "कर म्हणलं तर केलं. पण ते दिसतं रं अजून. मी काय करू?"

क्रशर सुरू झाला आणि बोलणं संपलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मन्मथ टपरीवर गेला. त्याला बघून लोकांना आनंद झाला. जुनी मजा परत आली होती. एकानं लगेच मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. ढोलकी वाजू लागली. मन्मथनं त्याच्या हातातला मोबाइल खाली करायला लावला.

"यात अर्धंच हाय," तो म्हणाला. "मी टिपरच्या आड जातो ना, तिथं भीमा बसलेला व्हता. पूल पडायलाय असं मला वाटत व्हतं. आन् मी त्याला उठवलं न्हाई, सांगितलं न्हाई. त्याचं कोपर चुकवून पळालो. हसायचं आसंल तर त्याला हसा." मग तो शेषेरावाकडं वळला. "आन् शेषेराव, तुमी उडी मारली तवा तुमच्या भरवशावर कुणी बसलेलं नव्हतं. तुमी कुणाला सोडलं न्हाई. तुमाला मी जे म्हणत आलो ते..."

कुणी हसलं नाही. मोबाइलवाल्यानं तो खिशात घातला. शेषेराव दुकानाकडं निघून गेला. जाताना त्यानं मन्मथच्या खांद्याला हात लावला की नुसताच गर्दीत धक्का लागला, ते मन्मथला कळलं नाही. त्या दिवसानंतर थट्टा बंद झाली. पण थट्टा होती तेव्हा लोक त्याला बस म्हणायचे. आता तो आला की बाकड्यावरची माणसं थोडी सरकून बसत आणि बोलणं उसावर, पावसावर जाई. मन्मथला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. फक्त लपवायचं काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी शिवकन्येला शेजारणीकडून कळलं. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. "भीमाला?" एवढंच तिनं विचारलं. तो हो म्हणाला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तव्याखालचा जाळ ओढला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दुसरी चाचणी दिवाळीनंतर झाली. मन्मथनं गाडी घातली. मॅडमनी बोलावलं म्हणून नाही. त्यानंच मालकाला जाऊन विचारलं होतं. भीमाही होता. या वेळी मॅडमनी दोघांना पुलाखाली नेलं, तुळयांना गुंडाळलेलं तपकिरी कापड दाखवलं, कुठून कसले आवाज येऊ शकतात ते सांगितलं. गाडी उभी केली की ड्रायव्हरनं उतरून काठावर यायचं, असा नियम त्यांनी केला होता. काठावर लोक नव्हते. जुनी गंमत बघायला कोण येणार? टिपर उभे राहिले, दोघं चालत काठावर आले, तंबूच्या सावलीत शेजारी शेजारी बसले. काही वाजलं नाही. तुळई आधीपेक्षा बरीच कमी वाकली आणि वजन काढल्यावर जवळजवळ पूर्ण जागेवर आली. संगणकासमोरची मंडळी एकमेकांचे हात धरून हसत होती. मॅडमनी दोघांना पेढा दिला. भीमानं अर्धा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून लेकीसाठी ठेवला.

सावरगावच्या पुलावरच्या डब्या तशाच ठेवल्या आहेत. पूल किती वाकतो, किती हादरतो ते नांदेडला बसल्या जागी दिसतं. ते काम बघून आणखी काही जुन्या पुलांची तपासणी मॅडमकडं आली आणि एक खास गाडी मिळाली. पुलावर उभी करायची, तिचा लोखंडी हात कठड्यावरून खाली वाकतो आणि टोकाच्या पाळण्यात उभी राहिलेली माणसं पुलाच्या पोटाला हात लावून बघतात. ती चालवायला माणूस हवा होता. मॅडमनी मन्मथला फोन केला.

"त्या पाळण्यात कोण असणार?" त्यानं विचारलं.

"मी. आणि माझे विद्यार्थी."

"मॅडम, तुमाला माझं ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारायला इतके दिवस लागले."

तो लगेच हो म्हणाला नाही. पण गेला. दोन वर्षं होत आली आता. पाळणा खाली असताना तो केबिन सोडून पाणी प्यायलासुद्धा उतरत नाही, पोरं त्याला त्यावरून चिडवतात आणि तो चिडवू देतो. नवीन कुणी कामावर आला की पहिल्याच दिवशी तो त्याला सावरगावची हकीकत सांगतो, कोपरासकट. मॅडमनी एकदा म्हटलं, प्रत्येकाला सांगायची काय गरज आहे? तो म्हणाला, "त्यांच्या जिवाचं हाय ना. मालूम असावं."

भीमा कधीमधी घरी येतो, लेकीला घेऊन. जेवतो. 'अप्पा' म्हणतो. ते दोघं खडीबद्दल, डिझेलबद्दल, मॅडमच्या नव्या पुलांबद्दल बोलतात आणि बोलणं संपलं की दोघंही आपापल्या हातांकडं बघत बसतात.

परवा तो असाच येऊन गेला. त्याची मोटरसायकल वळणाआड गेली तरी मन्मथ दारातच उभा होता. शिवकन्येनं आतून बघितलं.

"अजून मनात हाय का ते?"

"हाय."

तिनं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर आणून ठेवला. "हात धुवा. भाकर गार व्हायली."